कपाटात बंद झालेले मैदान



१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकसाठी निघण्याची वेळ आली, तेव्हा खाशाबा जाधव यांच्यापाशी प्रवासाचे पैसे नव्हते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल मदतीसाठी दारोदार फिरत होता. अखेर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले, बँटमवेट गटात लढले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते.

त्याआधी बत्तीस वर्षे, १९२० साली, अँटवर्पला गेलेल्या भारतीय चमूची कथाही फारशी निराळी नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे धावपटू सर दोराबजी टाटा यांनी पाहिले आणि त्यांना ऑलिंपिकला धाडण्याचा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी पुढाकार घेतला, स्वतःची थैली मोकळी केली आणि चमू रवाना झाला.

दोन्ही कथा अभिमानाने सांगाव्यात अशाच आहेत. परंतु पैसा कोठे पोहोचला हे दोन्हींत नीट पाहिले पाहिजे. तो पोहोचला तिकिटापाशी, म्हणजे वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर. खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे मिळाले ते वयाच्या पाचव्या वर्षी आणि तेही घरीच, कारण वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. ते पैलवान नसते तर त्या मुलाला ते धडे गावच्या प्राथमिक शाळेत मिळाले असते का? आज सत्तरहून अधिक वर्षांनंतर हाच प्रश्न राज्यातील कोणत्याही द्विशिक्षकी शाळेच्या दारात उभे राहून विचारला, तर उत्तर मान खाली घालायला लावणारे आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा या बाबतीत काय सांगतो ते पाहावे. शाळेला क्रीडांगण हवे, प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य हवे, असे कायद्याच्या अनुसूचीत नमूद आहे. बालकाच्या शारीरिक व मानसिक क्षमतांचा पूर्ण विकास व्हावा, असेही कायदा म्हणतो. मात्र शिकवणाऱ्या माणसाची गोष्ट निघाली की अनुसूची सहावी ते आठवीपाशी जाऊन थांबते. या वर्गांची पटसंख्या शंभरावर असेल तर कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, अशी तरतूद तेथे आहे. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. म्हणजे मैदान कायद्याने दिले, चेंडू दिला, पण चेंडू कसा झेलायचा हे सांगणारा गुरुजी दिला नाही. सहावी ते आठवीच्या अंशकालीन निदेशकांचीही गत फारशी चांगली झाली नाही. तुटपुंज्या मानधनावरच्या त्या नेमणुका. त्यांची साखळी पुनःपुन्हा तुटत राहिली.

आता पैशाकडे वळू. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली आणि तिच्यात क्रीडा अनुदान हे स्वतंत्र शीर्ष प्रथमच ठळकपणे दिसले. प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० रुपये, माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. खेळासाठी वेगळा पैसा असावा हे तत्त्व मान्य झाले, ही गोष्ट लहान नव्हे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु हिशेब मांडला की मन खट्टू होते. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस व ८०० तासांचे अध्यापन ठरवले आहे. पाच हजारांना दोनशेने भागले तर दिवसाला पंचवीस रुपये येतात, तेही साऱ्या शाळेसाठी. पटावर पन्नास मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला आठ आणे. ज्या नाण्याने आज पेपरमिंटची गोळीही येत नाही, त्या नाण्यात शरीरसंपदा घडवायची आहे!

पुढे २०२१ च्या सुधारित आराखड्यात आणखी एक भर पडली. शाळेच्या किमान दोन विद्यार्थ्यांनी खेलो इंडियाच्या शालेय स्पर्धांत राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवले, तर त्या शाळेला २५,००० रुपयांपर्यंत अतिरिक्त अनुदान. हेतू प्रोत्साहनाचा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण डोंगरकपारीतल्या चौथीपर्यंतच्या शाळेने राष्ट्रीय पदक कोठून आणायचे? येथेही पैसा पुन्हा वाटेच्या शेवटच्या टोकाशीच जाऊन उभा राहिला. झाडाला फळ धरल्यावर पाणी घालण्याची ही रीत आहे.

रक्कम अपुरी आहे हे दुखणे झालेच. त्याहून खोल दुखणे निराळे आहे. हे अनुदान वस्तूंसाठी आहे, माणसासाठी नाही. त्यामुळे व्यवहारात काय घडते ते शिक्षकांना पुरते ठाऊक आहे. अनेकदा रक्कम खात्यावर येते ती आर्थिक वर्ष सरता सरता. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. मुख्याध्यापक तालुक्याच्या दुकानातून दोन फुटबॉल, एक कॅरम, चार दोऱ्या, काही रिंगा आणि प्लास्टिकची बॅट आणतात. साठा नोंदवहीत नोंद होते, छायाचित्र निघते आणि साहित्य कपाटात जाते. कपाटाला कुलूप लागते, कारण वस्तू हरवली तर उत्तर मुख्याध्यापकांनी द्यायचे. चेंडू फुटला तर तो निर्लेखित करण्याची कागदोपत्री यातायात मूळ चेंडूच्या किमतीहून जड. त्यापेक्षा चेंडू न फुटलेला बरा, आणि तो न फुटण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मुलांच्या हाती न देणे. यात मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. वस्तूचा हिशेब मागणारी आणि खेळाचा हिशेब न मागणारी व्यवस्था उभी केली, तर सज्जन माणूसही कपाटाची किल्लीच सांभाळील.

वेळापत्रकावर शारीरिक शिक्षणाची तासिका असते, हे खरे. दोन शिक्षक, पाच इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, माहितीचे तक्ते, आज ही बैठक तर उद्या ते सर्वेक्षण, या धबडग्यात सर्वांत आधी बळी जातो तो त्याच तासिकेचा. गणित मागे पडले, घ्या खेळाचा तास. पाऊस आला, खेळ रद्द. जेव्हा तास होतो तेव्हाही पुष्कळदा मुले मैदानावर सोडली जातात. दांडगी मुले चेंडू बळकावतात, उरलेली कडेला मातीत रेघोट्या मारीत बसतात आणि मुली झाडाखाली. प्रगतिपुस्तकात मात्र सर्वांना उत्तम श्रेणी.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. खेड्यातली मुले दिवसभर हुंदडतच असतात, त्यांना आणखी कसले शारीरिक शिक्षण? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटरची पायपीट करून शाळेत जाई. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदकाची मानकरी ठरली. तेव्हा दारिद्र्य आणि पायपीट हेच सर्वोत्तम प्रशिक्षण, असा निष्कर्ष काढणारे महाभाग भेटतात. हा निष्कर्ष क्रूर आहे. अशा एकेका कर्तबगार जिवाच्या मागे, तितकेच चपळ असूनही कोणाच्या दृष्टीस न पडलेले किती जीव राहिले, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

शिवाय हुंदडणे आणि शिकणे यांत अंतर आहे. मूल आपोआप बोलू लागते, पण वाचायला त्याला शिकवावे लागते. शरीराचेही तसेच आहे. धावणे आपोआप येते. नीट धावणे, उडी मारून गुडघे वाकवून जमिनीवर उतरणे, दुरून आलेला चेंडू डोळ्यांनी हेरून झेलणे, तोल सावरणे, पडताना मान वाचवणे, या गोष्टी शिकवाव्या लागतात. सहा ते दहा हे वय त्यासाठी सर्वांत अनुकूल असते. या वयात ही मुळाक्षरे गिरवली गेली नाहीत, तर पुढे माध्यमिक शाळेत मूल खेळाला बिचकते, चारचौघांत हसे होईल म्हणून मागे सरते आणि मग कायमचे प्रेक्षक होते. मुलींच्या बाबतीत तर ही वर्षे अधिकच मोलाची. वयात येण्याआधी मैदानाची सवय अंगी मुरली असेल, तरच पुढे घरादाराच्या आणि लोकलज्जेच्या दडपणाखाली ती टिकण्याची आशा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमदार हालचाल केली पाहिजे. त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील पाचांपैकी चार मुले तेवढी हालचाल करीत नव्हती. ही पाचांतली चार अकराव्या वर्षी एकाएकी आळशी झाली असतील काय?

या प्रश्नाला एका देशाने पैशाच्या भाषेत उत्तर देण्याचा प्रयत्न केला. तो प्रयोग गुणदोषांसह समजून घेण्यासारखा आहे. २०१२ चे लंडन ऑलिंपिक संपले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारने केवळ प्राथमिक शाळांसाठी शारीरिक शिक्षण व क्रीडा यांचा राखीव निधी सुरू केला. प्रारंभी तो वर्षाला पंधरा कोटी पौंडांच्या आसपास होता. २०१७ मध्ये तो दुप्पट करून ३२ कोटी पौंडांवर नेला. वाढीव पैसा कोठून आणला? साखरयुक्त शीतपेयांवरील नव्या करातून. मुलांची प्रकृती बिघडवणाऱ्या पेयावर कर आणि त्या पैशातून मुलांसाठी मैदान, अशी ती सांगड. वाटपाचे सूत्रही सरळ. पटावर सतरा वा अधिक मुले असतील तर शाळेला १६,००० पौंड आणि वर दर मुलामागे १० पौंड. म्हणजे दोनशे मुलांच्या शाळेला १८,००० पौंड. सोळा वा त्याहून कमी मुले असतील तर दर मुलामागे १,००० पौंड. लहान शाळेला डोईमागे अधिक, हे तत्त्व विसरण्याजोगे नाही. आपल्याकडे लहान शाळेची पटसंख्या मोजली जाते ती बहुधा ती बंद करावी काय, हे ठरवण्यासाठी.

दोन देशांच्या तिजोऱ्यांची बरोबरी करणे वेडेपणाचे ठरेल. घेण्याजोग्या आहेत त्या अटी. हा पैसा सरकारने आधीच बंधनकारक केलेल्या कामासाठी वापरायचा नाही. जे चालू आहे त्यात टिकाऊ भर घालण्यासाठीच वापरायचा. वर्गशिक्षकांचे ज्ञान व आत्मविश्वास वाढवणे, सर्व मुलांना रोज हालचाल करायला लावणे, निरनिराळ्या खेळांची ओळख करून देणे, स्पर्धांत अधिकाधिक मुलांना उतरवणे ही उद्दिष्टे ठरलेली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रक्कम किती आली, कशावर खर्च झाली आणि मुलांना त्याचा काय लाभ झाला, हे शाळेने दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायचे. सहावीतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी किती जणांना पंचवीस मीटर पोहता येते, हेही तेथे सांगावे लागते. किती चेंडू घेतले हे नव्हे, किती मुलांना पोहता येते हे! हिशेब वस्तूचा मागितला तर वस्तू जपल्या जातात, कौशल्याचा मागितला तर कौशल्ये.

त्या प्रयोगाच्या उणिवाही तितक्याच बोलक्या आहेत. निधी पुढील वर्षी मिळणार की नाही, हे शाळांना अनेकदा ऐनवेळी कळे. त्यामुळे दोन-तीन वर्षांची आखणी करणे कठीण जाई. पुष्कळ शाळांनी सोपी वाट धरून बाहेरचे प्रशिक्षक तासाच्या बोलीवर बोलावले. प्रशिक्षक मैदानावर आणि वर्गशिक्षक वह्या तपासत. प्रशिक्षक गेला की विद्या त्याच्याबरोबर गेली. तेव्हा माणसावर खर्च करणे म्हणजे नुसता माणूस भाड्याने आणणे नव्हे, शाळेतल्या माणसाला तयार करणे होय, हा धडा त्यांनी मोठी किंमत मोजून घेतला. आपल्याला तो फुकट मिळतो आहे.

महाराष्ट्रापाशी या कामासाठी लागणारी सामग्री कोणत्याही पौंडांहून मोठी आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच संस्थेच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. या आणि अशा संस्थांच्या महाविद्यालयांतून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले तरुण दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यांतले कितीतरी पदभरतीची वाट पाहत वय घालवतात. खेळांचे म्हणाल तर लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांना मोकळी जागा आणि एखादा चेंडू पुरतो. खो-खोला दोन खांब लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी जेतेपद मिळवले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. ज्या खेळाने विश्वचषक आणला, त्याचे खांब रोवायला फार मोठा निधी लागत नाही. लागतो तो शिकवणारा.

मग तो शिकवणारा लहान शाळांना परवडावा कसा? प्रत्येक शाळेला स्वतंत्र शिक्षक देणे नजीकच्या काळात शक्य नाही, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांत विभागलेल्या आहेत. शेजारच्या पाच शाळा मिळून एक प्रशिक्षित शारीरिक शिक्षक नेमला आणि त्याने आठवड्यातून एकेक दिवस प्रत्येक शाळेत घालवला, तर खर्च किती? महिना १५,००० रुपये मानधन धरले आणि दहा महिने मोजले तर दीड लाख. एका शाळेच्या वाट्याला तीस हजार. पाच शाळांत मिळून तीनशे मुले असतील तर दर मुलामागे वर्षाला पाचशे रुपये. सध्याच्या पाच हजारांच्या सहापट ही रक्कम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु शहरातला मध्यमवर्गीय पालक आपल्या एका मुलाच्या उन्हाळी शिबिरासाठी पंधरा दिवसांत याच्या कितीतरी पट पैसे विनातक्रार मोजतो, हेही लपवू नये. निधी मात्र तीन वर्षांसाठी एकत्र बांधलेला हवा. जूनमध्ये माणूस आला आणि मार्चमध्ये गेला, असे होता कामा नये. आणि तो आला की वर्गशिक्षकाने त्या तासाला मैदानावर त्याच्या सोबत उभे राहिलेच पाहिजे, म्हणजे उरलेले चार दिवस तोच शिक्षक मुलांकडून सराव करून घेऊ शकेल. त्या फिरत्या शिक्षकावर तक्ते भरण्याचे काम टाकले तर सारे मुसळ केरात.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर हाती असलेल्या पाच हजारांना तरी वाचा फोडता येते. त्याच २००९ च्या कायद्याने अनुदानित व शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मी संख्या महिलांची. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे, हे त्या समितीचे कायदेशीर काम. प्रत्यक्षात तिच्या इतिवृत्तावर सह्या तेवढ्या होतात. खासगी शाळेत मुले घालणाऱ्या सुशिक्षित पालकांची स्थिती तरी काय आहे? क्रीडा शुल्क भरल्याची पावती ते जपून ठेवतात. इमारतीच्या गच्चीला शाळा मैदान म्हणते, हे पाहूनही पालकसभेत प्रश्न निघतो तो इंग्रजीच्या गुणांचा.

वस्तीत, गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे काम नवे नाही आणि अवघडही नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर समितीची पहिली सभा असते. त्या सभेला दोन माता आणि दोन पिते तयारीने गेले तरी पुरे. साठा नोंदवही मागावी. तीत किती चेंडू लिहिले आहेत आणि मैदानावर किती आहेत ते पाहावे. फुटलेल्या चेंडूंची संख्या इतिवृत्तात कौतुकाने नोंदवावी आणि खेळताना साहित्य झिजल्याबद्दल मुख्याध्यापकांना जाब विचारला जाणार नाही, असा ठराव लिहून घ्यावा. मग चौथीच्या दहा मुली मैदानावर बोलावाव्यात आणि एकेकीच्या हाती चेंडू टाकून पाहावा, किती जणींना तो झेलता येतो. तो आकडा त्याच इतिवृत्तात लिहावा, खाली तारीख घालावी आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच दहा जणींना पुन्हा बोलवावे.